दाराबाहेरचा नळ

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दोन चित्रं शेजारी शेजारी लावली. डावीकडे वर्षापूर्वीचा मेंदू, उजवीकडे आजचा. फिटर पुढे सरकून बघत राहिला. बसच्या गॅरेजात तीस वर्षं इंजिनं उघडली होती त्याने, पण लेकाच्या डोक्यातलं त्याला ओ की ठो कळेना.

"ऑपरेशनची जागा एवढीशी," बाई म्हणाल्या. "पण फरक पडलाय तो लांबवर, जिथे आम्ही हातही लावला नव्हता. एकच विचार गरागरा फिरायचा ना, ते फिरणं आता मंदावलंय."

लेक खिडकीबाहेर बघत होता. त्याच्या हातांवर आता नवी कातडी धरली होती.

"बाई, घरच्यांच्या चुकीने हा आजार वाढतो का हो?" फिटरने विचारलं.

"चूक म्हणजे कसली?"

"काही नाही," म्हणत फिटर उठला.

चूक नऊ वर्षांची होती. बायको गेल्यावर घरात दोघंच, आणि लेकाचा नियम एकच: बापाने गॅरेजातून आलं की दाराबाहेरच्या नळावर साबणाने सात वेळा हात धुवायचे, मगच तो आतून कडी काढणार. दिवसभर बसखाली उताणं पडून फिटरचं कंबरडं मोडलेलं असायचं. पहिले काही महिने त्याने इमानाने सात वेळा धुतले. मग दोनदाच धुवायचा आणि ओरडायचा, "सात झाले!" कडी निघायची. पुढे औषधं झाली, डॉक्टर झाले, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. लेकाचे हात सोलवटत गेले, रक्त यायला लागलं. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. फिटरला वाटायचं, आपला गोटा लेकाच्या डोक्यात बसला. सांगावं तर पोराचं चक्र पुन्हा सुरू होईल, न सांगावं तर घास उतरत नाही.

आज बाईंनी मंदावलंय म्हटलं, तेवढाच धीर आला. बसथांब्याच्या बाकावर तो लेकाशेजारी टेकला.

"एक सांगायचंय. ते सात वेळा... मी दोनदाच धुवायचो रे."

"माहीत आहे."

"तुला कसं माहीत?"

"नळाचा आवाज आत यायचा ना, बाबा. मी मोजायचो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही दमलेले असायचात." आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं, ऑपरेशनपासून तो असाच बोलायचा, बसची वेळ सांगावी तसा. "उरलेले पाच मी धुवायचो. तुमच्या वाटचे. तुम्ही जेवायला बसलात की."

फिटरला सगळं आठवलं. ताटावरून आपणच खेकसायचो, 'बंद कर तो नळ, सुखाने दोन घास खाऊ दे!' बस आली तेव्हा त्याला उठवेना. लेकानेच हात दिला.

घरी पोचल्यावर लेक कुलूप काढून थेट आत गेला, चपलांसकट. फिटर नळापाशी थांबला. आज गॅरेज नव्हतं, हाताला ग्रीसचा ठिपका नव्हता. तरी त्याने साबण घेतला. एकदा. दोनदा. सवयीने हात नळ बंद करायला गेला आणि तिथेच थबकला. म्हातारा रडत होता, पण तोंडावर पाणी उडालं म्हणायची सोय होती.

"बाबा," आतून हाक आली, "पुरे की आता. पाणी वाया जातंय."

"आलोच," फिटर म्हणाला, आणि तिसऱ्यांदा साबण उचलला.