शेव्हरोलेची स्टेपनी

सत्याला फूटपट्टी लावता येते आणि जे मोजता येत नाही ते सत्य नव्हे, असा नृसिंहराव गंधे यांचा आयुष्यभराचा सिद्धांत होता. नगरच्या बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन म्हणून सारी नोकरी काढल्यावरही तो टिकून राहिला, हे विशेष. कारण त्यांनी कागदावर आखलेले पूल प्रत्यक्षात उभे राहत तेव्हा ते बहुधा त्याच ओढ्यावर असत, एवढंच खात्रीनं सांगता यायचं.

निवृत्तीनंतर मात्र त्यांच्या आणि सत्याच्या मध्ये ठेकेदार उरला नाही. ते लाकडाच्या मोटारी करू लागले. त्यांना खेळणी म्हटलेलं खपत नसे. एकास दहा या प्रमाणात केलेल्या, रस्त्यावरून नाहीशा झालेल्या जुन्या गाड्या होत्या त्या. कुणा सर्जनची ऑस्टिन, कुणा पाद्र्याची फोर्ड. अंग सागवानाचं, मडगार्ड डालड्याच्या डब्याच्या पत्र्याचे, टायर सायकलच्या ट्यूबचे. मोटार हा प्रकार चाळीस सालाच्या आसपास संपला, असं त्यांचं मत होतं. पुढं निघालं ते नुसतं वाहन. जुन्या गाडीचे दिवे बाहेर, मडगार्ड बाहेर, पायरी बाहेर, जादा चाकसुद्धा सगळ्यांना दिसेल असं बाहेर टांगलेलं. आताच्या गाडीचं सगळं आत दडवलेलं असतं, आणि जे दडवून ठेवतं त्याच्यावर नृसिंहरावांचा विश्वास नव्हता.

त्यांच्या पत्नीचा, नीलांबरीबाईंचा, विश्वास त्यांच्यावर नव्हता. घरात काही हरवलं की त्या आधी फळीवरच्या मोटारी तपासत. चहाच्या गाळणीची जाळी त्यांना अशीच ऑस्टिनच्या तोंडावर सापडली होती.

छंदाचा नियम एकच होता. ज्या गाडीला स्वतः टेप लावली नाही, ती करायची नाही. तो नियम एकदाच मोडला गेला, तेहतीस सालच्या शेव्हरोलेसाठी. ती गाडी केडगावच्या रंगनाथतात्या पाटलांची. नृसिंहराव नोकरीला नवे असताना शिवारात एका मोरीची आखणी करायला गेले होते, आणि परतताना तात्यांनी त्यांना त्या गाडीतून नगरपर्यंत सोडलं होतं. पुढं नृसिंहरावांना दोन मुलं झाली, एक बढती मिळाली, पण गोष्ट सांगायची वेळ आली की ते शेव्हरोलेचीच सांगत. ती त्यांनी आठवणीतून केली होती. मागच्या बाजूला, बरोबर मध्यावर, गोल स्टेपनी.

"स्टेपनी चुकलीय," दत्तोपंत म्हणाले.

दत्तोपंत मुळे पोस्टातून निवृत्त झालेले. सगळी हयात लोकांची बंद पाकिटं हाताळण्यात गेल्यामुळे, वर दिसतं त्यापेक्षा आत काहीतरी निराळं असतं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. संध्याकाळी नृसिंहरावांच्या ओट्यावर येऊन ते मोटारींमधल्या चुका काढत. स्वतः ते काही बनवत नसत, त्यामुळे त्यांच्याकडून चूक होत नसे.

"ती डाव्या मडगार्डवर होती. दर मंगळवारी गाडी पोस्टासमोर उभी राहायची. मी खिडकीतून बघायचो."

"मी गाडीत बसलो होतो, पंत. उतरून पाठीमागून नमस्कार केला. चाक मागं होतं."

शेव्हरोले कंपनीनं दोन्ही तऱ्हा काढल्या होत्या, त्यामुळे पुस्तकांचा उपयोग नव्हता.

दत्तोपंतांनी चहाचा कप खाली ठेवला. "बसला होतात ना नक्की?"

"म्हणजे?"

"तसं नव्हे. वर्षं फार झाली. माणसाला ऐकलेलंही आपलंच वाटायला लागतं. माझं एवढंच म्हणणं, प्रदर्शनाची कार्डं मला लिहायचीत. बाकीच्या मोटारींवर 'हुबेहूब' लिहीन. हिच्यावर 'कल्पनेवरून' लिहितो."

संक्रांतीला वाचनालयात छंदांचं प्रदर्शन होतं. अख्खं नगर येणार, निदान ज्यांना वाचनालय ठाऊक आहे तेवढं नगर. तिथं 'कल्पनेवरून' असं लिहिलेलं वाचलं, की नृसिंहराव गंधे त्या गाडीत कधी बसलेच नव्हते, एवढाच अर्थ लोक काढणार होते. आणि खरी अडचण अशी की त्या रात्रीपासून नृसिंहरावांनाही थोडी शंका येऊ लागली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सायकल काढली आणि कातडी डबीतली लांब टेप पिशवीत टाकली.

"टेप घेऊन खेड्यात चाललात? यंदाच्या साली?" नीलांबरीबाई म्हणाल्या. "मार खाऊन याल."

साल बहात्तर होतं. पाऊस झाला नव्हता. ज्याच्याकडे कडबा शिल्लक असेल त्याचा सरकार उचलून जनावरांच्या छावणीला नेणार, अशी आवई उठली होती. शिवाय जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा बदलणार, अशी दुसरी आवई होतीच. अशा दिवसांत चष्मेवाला, पांढरपेशा, टेप घेतलेला माणूस पुणे रस्ता सोडून आत वळला, तेव्हा शिवारातली कुत्रीसुद्धा भुंकायच्या आधी विचार करत होती.

रंगनाथतात्या वारले होते. वस्तीवर आता त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब होते. पण फाटकात आधी भेटला त्यांचा गडी सहादेव. त्यानं पिशवीतून डोकावणारी डबी पाहिली आणि मागं न वळताच हाक दिली, "आप्पा, मोजनीवाला आलाय."

आप्पासाहेब पागोट्याचा शेमला सारखा करत आले. "रामराम साहेब. कंच्या खात्याचं?"

"खात्याचा नाही. निवृत्त झालो."

"निवृत्त झाल्यावरबी पाठवत्यात व्हय?"

"मला कुणी पाठवलं नाही. तुमच्या वडिलांची शेव्हरोले मोजायची आहे. मी लाकडाची छोटी करतो, अशी, एवढी."

आप्पासाहेबांनी हाताचं माप पाहिलं, मग सहादेवकडे पाहिलं. "कशापायी?"

"हौस म्हणून."

"हौस," आप्पासाहेब म्हणाले. त्यांच्याकडे आजवर तलाठी, ग्रामसेवक आणि बँकेचा माणूस अशी तीन माणसं टेप घेऊन आली होती. हौसेनं कुणी आलं नव्हतं.

गोठ्याच्या कडेला पत्र्याखाली काहीतरी लांबोडकं ताडपत्रीनं झाकून ठेवलं होतं. पुढं उतरतं, मध्ये उंच, मागं फुगीर. नृसिंहराव दोन पावलं पुढं झाले. "तीच ना?"

आप्पासाहेबांनी हिशेब केला. गाडी नाही म्हणावं, तर काय आहे ते सांगावं लागणार. "तीच. पर उघडता यायची न्हाई."

"का बरं?"

"तात्यांनी सांगून ठिवलंय."

नृसिंहरावांना कळून चुकलं. दत्तोपंत आधीच येऊन गेले होते. पोस्टातला माणूस, सगळ्या गावांत त्याच्या ओळखी. "चष्मा लावलेले, जरा वाकून चालणारे कुणी आले होते का इथं?"

आता आप्पासाहेबांना कळून चुकलं. म्हणजे हे वरचे साहेब, आणि यांच्या आधीच कुणी गुपचूप पाहणी करून गेलंय. "न्हाई बुवा," ते म्हणाले, आणि ते खरं होतं म्हणूनच खोटं वाटलं.

शेवटी ताडपत्रीवरूनच मोजायचं ठरलं. नृसिंहरावांनी टेपचं एक टोक सहादेवला धरायला दिलं. लांबी भरली साडेसतरा फूट.

"शेव्हरोले इतकी लांब नसते."

"म्हातारी झालीया," सहादेव म्हणाला. "पसरली आसंल."

नृसिंहराव मागं गेले, आणि थबकले. ताडपत्रीला मागच्या बाजूला, अगदी मध्यावर, मोठा गोल फुगवटा होता. त्यांनी हळूच हात लावून पाहिला. मऊ लागला. रबर इतक्या वर्षांत कुजणारच. त्यांना एकदम तरुण झाल्यासारखं वाटलं. गाडी होती, चाक मागं होतं, आणि ते स्वतः तिच्यात बसले होते. दत्तोपंतांचं तोंड त्यांच्या डोळ्यांसमोर आलं, आणि ते त्यांना प्रथमच आवडलं.

एवढ्यात गोठ्यातली एक हडकुळी गाय मान लांब करून आली, तिनं ताडपत्रीची कड नाकानं उचलली आणि शेव्हरोलेच्या मागच्या भागातून कडब्याची एक पेंढी ओढून काढली. मग ती उभ्या उभ्या खाऊ लागली.



"बसा, रावसाहेब," आप्पासाहेब म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "सहादेव, दूध आन. लिवून घ्या, पर सगळा लिवू नका. जनावरं जगवायचीत मला."

"मला काही लिहायचं नाही."

"समदेच आसं म्हनत्यात."

"आप्पासाहेब, कडबा मी पाहिला नाही."

"मंग गाईनं काय खाल्लं?"

"ते गाईला विचारा. मला एकच सांगा. गाडीची स्टेपनी कुठं होती? मागं का बाजूला?"

आप्पासाहेबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. सरकारनं चौकशीची ही नवी पद्धत काढली असावी. पण कडब्याच्या मोबदल्यात स्टेपनी जात असेल, तर सौदा वाईट नव्हता. "कुनाला बोलायचं न्हाई?"

"शब्द देतो."

"गाडी भंगारात गेली, पानशेत फुटलं त्या साली. आन् स्टेपनी नव्हतीच."

"नव्हती म्हणजे?"

"तात्यांनी गाडी नाशकाच्या एका डॉक्टरकडनं घेतली. त्यानं पाचवं चाक दिलं न्हाई. तात्या बी हट्टी. म्हनले, भुईला चारच लागत्यात, पाचव्याचं काय काम. नवं घेतलंच न्हाई शेवटपर्यंत."

"आणि पंक्चर झालं तर?"

"बैलं हुती की."

"पण मी स्वतः पाहिलंय. मागं गोल होतं काहीतरी."

"ते घंगाळ. इंजिन लई तापायचं, पानी संगं ठेवाय लागायचं. कवा मागं बांधायचे, कवा बाजूला. जशी दोरी पुरंल तसं."

घाबरलेला माणूस सुटकेसाठी काहीही सांगतो, हे नृसिंहरावांना खात्यातल्या अनुभवानं माहीत होतं. म्हणून त्यांनी आत जाऊन तात्यांच्या पत्नीला, रतनबाईंना, वेगळं विचारलं. म्हातारी चुलीपाशी बसली होती. तिनं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं तांब्याचं, कड्यांचं, जागोजागी पोचे आलेलं घंगाळ होतं. नृसिंहरावांनी टेप काढली. तोंडाचा व्यास सव्वादोन फूट. त्यांच्या छोट्या स्टेपनीच्या बरोब्बर दहापट.

म्हणजे त्यांची आठवण इंचभरही चुकली नव्हती. फक्त ते चाक नव्हतं.

सायकलवरून परतताना त्यांनी सगळं पुन्हा तपासून पाहिलं. चाक तसंच ठेवलं तर लोकांना काही कळणार नव्हतं. पण मग नियमाचं काय, आणि सत्य मोजता येतं या सिद्धांताचं काय? ते तर मोजून झालं होतं. घरी आल्याबरोबर त्यांनी स्टेपनीचा स्क्रू सोडवला आणि भोकात मेण भरलं. नीलांबरीबाईंनी ते पाहिलं, आणि घरातली मेणबत्ती जागेवर आहे का ते बघून आल्या.

संध्याकाळी दत्तोपंत आले. "पाहिलीत गाडी?"

शब्द दिलेला होता. गाडी उरलेलीच नाही म्हटलं, तर मग मोजलं काय, तेही सांगावं लागलं असतं. "टेप लावून आलो."

"मग?"

"स्टेपनी नव्हतीच."

दत्तोपंत वाकले. मेणाकडे पाहिलं, नृसिंहरावांकडे पाहिलं. "कालपर्यंत होती."

"कालपर्यंत चूक होती."

"आणि मी डाव्या मडगार्डवर इतके मंगळवार पाहिलं, ते काय होतं?"

"घंगाळ."

दत्तोपंतांनी चष्मा पुसला. "नृसिंहराव, तुमचं चाक मागं होतं असं म्हणा, मी मान्य करतो. आपण दोघं म्हातारे झालो. पण मोटारीला घंगाळ?"

"कुठं कळलं ते सांगता येत नाही. पण आहे ते असं आहे. तुम्ही कार्डावर 'हुबेहूब' लिहाल का नाही, ते सांगा."

"मी दिसेल ते लिहीन," दत्तोपंत म्हणाले. "कल्पनेवरून काही लिहिणार नाही. मग झालं?"

नृसिंहरावांना ते न्यायाचं वाटलं.

संक्रांतीला प्रदर्शन उघडलं. शेव्हरोले मधल्या टेबलावर होती, खिडकीच्या उजेडात, आणि ती सगळ्यांत देखणी होती, हे दत्तोपंतांनीही नाकारलं नसतं. पुढं त्यांच्या वळणदार अक्षरातलं कार्ड होतं: 'शेव्हरोले मोटार, सन १९३३. मागील एक चाक गहाळ आहे.'