गुडगुडणाऱ्या घागरीचा कौल

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात डिंगोऱ्याच्या माळावर मांडव पडला आणि आळ्यापासून कळंबपर्यंतची माणसं तिथं लोटली. कशाला? तर एक घागर गुडगुडते म्हणून! तांब्याची घागर परातीत पालथी घातलेली. घागरबाबा पळीपळीनं परातीतलं तीर्थ वाटायचे, तरी पाणी आपलं जिथल्या तिथं. मधूनच घागरीच्या पोटात गुडगुड व्हायची. बाबा डोळे मिटून सांगायचे, देवीआईनं होकार दिला. लग्न जमेल का, म्हैस गाभण राहील का, सगळ्याची उत्तरं त्या घागरीच्या पोटात! कधी आई गप्प राहिली, तर तो नकार.

एके दिवशी सकाळीच गावातला हौशीराम तिथं जाऊन आला. त्याच्या सुनेनं, अश्विनीनं, घरामागच्या पत्र्याच्या खोलीत कोंबडीची पिल्लं आणली होती. चार वर्षं मागं लागून तिनं सासऱ्याकडून ही एवढी एक परवानगी मिळवलेली. उन्हाच्या तडाख्यात रोज दोन-चार पिल्लं दगावत होती, म्हणून म्हातारा कौल लावायला गेला. घागर गुडगुडली आणि हुकूम सुटला: पाण्यातून नजर लागलीय, खोलीतलं सगळं पाणी बाहेर काढा, तीर्थ शिंपडा, दिवस मावळेपर्यंत दार उघडू नका. हौशीरामानं पिल्लांना पाणी पाजायची डबा-ताटलीची भांडी, म्हणजे ड्रिंकर, अंगणात आणून टाकले, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावून पुन्हा मांडवात जाऊन बसला.

अश्विनी विहिरीवरून धुणं घेऊन आली, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दाराच्या फटीतून तिनं पाहिलं. पिल्लं चोची वासून, पंख पसरून पडली होती. तिनं दगडानं कुलूप ठेचलं, ते फुटेना. फटीतून तांब्याभर पाणी ओतलं, ते खालच्या भुश्शानंच पिऊन टाकलं. आता काय करू गं बाई, म्हणत ती रडायलाच लागली. सासऱ्यापुढं हे भांडं ठेवून किल्ली मागावी म्हणून तिनं एक ड्रिंकर उचलला, सवयीनं डब्यात पाणी भरलं आणि ताटलीसकट उलटा केला.

डबा गुडगुडला. अश्विनी रडता रडता थांबली. हा आवाज ती रोज दोन वेळा ऐकत होती की!

भरला ड्रिंकर छातीशी धरून ती मांडवात घुसली.

"मामा, किल्ली द्या. पिल्लं तडफडत्यात."

"आईचा शब्द हाय पोरी. मोडता येत न्हाई."

बाबा गोड हसले आणि म्हणाले, शंका घेतली की आई कोपते. अश्विनीनं ड्रिंकर परातीशेजारी ठेवला आणि ताटलीतलं पाणी ओंजळीनं उपसलं. डबा गुडगुडला, ताटली पुन्हा होती तेवढी भरली.

"ह्याच्या काठाला भोक हाय," ती म्हणाली. "भोक बुडालं की हवा आत जात न्हाई, मग पाणीबी बाहेर येत न्हाई. पाणी उपसलं की भोक उघडं पडतं, हवा आत शिरती, तीच बोलती. बाबा पळी भरत्यात तवाच आई बोलती, बगा. आता ह्यालाच इचारते. पिल्लांना पाणी पाजू का?"

तिनं पुन्हा ओंजळ भरली. डबा गुडगुडला.

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. हौशीराम हसला नाही. तो उठला आणि बाबा हां हां म्हणेपर्यंत त्यानं घागर उचलली. सगळं पाणी भसकन परातीत आलं, परातीतून सतरंजीवर गेलं. घागरीच्या काठाला कानशीनं घासलेली खाच होती. हौशीरामानं ती बोटानं चाचपली आणि किल्ली सुनेपुढं धरली.

दोघंही पळत आली, पण उशीर झाला होता. निम्म्याहून जास्त पिल्लं भिंतीकडेला एकमेकांवर मरून पडली होती. जी हलत होती, त्यांची चोच एकेक करून ताटलीत बुडवत दोघं बसली. "ह्ये प्यालं बग, ह्ये जगंल," हौशीराम म्हणाला. ते पिल्लू त्याच्या हातातच मान टाकून गेलं, तरी तो त्याची चोच पाण्यात बुडवतच राहिला. अश्विनीनं ते काढून घेतलं आणि दुसरं दिलं.

बाबा आता दुसऱ्या कुठल्या गावात असतील. तुमच्याकडं आले, तर कोप-बिप काही होत नाही, खुशाल घागर उचलून बघा. आणि कुणी काहीही सांगो, तहानलेल्या जिवापुढचं पाणी उचलू नका.