रोलरची घरपट्टी

मित्रांनो, मी एक जुना रोडरोलर आहे. पळणे मला कधी जमले नाही, हे आधीच सांगून टाकतो. कलकत्त्याच्या कारखान्यात मी तयार झालो, आगगाडीने सांगलीला उतरलो आणि तिथून माण तालुक्यातल्या आमच्या गावापर्यंत माझ्याच चाकांवर आलो. वाटेत कुत्री, म्हशी आणि एकदा तर वाजतगाजत चाललेली वरातही मला मागे टाकून गेली. पण मी तोऱ्यात होतो. एवढीशी नगरपालिका, पण तिने मला नवा कोरा विकत घेतला होता!

माझा ड्रायव्हर ज्ञानू फौजेत गाड्या चालवून आलेला होता. "चल रं गड्या," म्हणत तो मला सुरू करी. बाजारपेठेचा रस्ता, शाळेचा रस्ता, देवळाचा रस्ता आम्ही दोघांनी दाबून सपाट केला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरोघर हत्यारांची पूजा होते. त्या दिवशी ज्ञानूची बायको अंजना माझ्या चाकाला हळदकुंकू लावी आणि झेंडूचा हार घाली. मला फार बरे वाटे.

मग बहात्तर साल उजाडले. आधीच्या वर्षी पावसाने दगा दिला होता, या वर्षी तर त्याने तोंडच दाखवले नाही. विहिरी आटल्या. शेतकरी कुटुंबे सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. खडी घ्यायला नगरपालिकेकडे पैसा नव्हता, म्हणून मी कचेरीच्या खिडकीपाशी लिंबाखाली उभा होतो. आतले सगळे मला ऐकू येई.

मित्रांनो, घरपट्टी म्हणजे प्रत्येक घरामागे नगरपालिकेला द्यायचा कर. रस्त्यावरचे दिवे, झाडलोट, पाणी, सारे त्यातून चालते. त्या वर्षी पट्टी जमेना आणि खर्च तर दुप्पट झाला, कारण पिण्याचे पाणी लांबून टँकरने आणावे लागत होते. टँकरवाल्याने निरोप धाडला, की मागचे पैसे चुकते करा, नाहीतर दसऱ्यानंतर टँकर येणार नाही.

"पट्टी वाढवावी लागेल," नगराध्यक्ष विष्णुपंत खाली मान घालून म्हणाले.

"आवं अध्यक्ष, कुणावर वाढवताय?" सभासद हंबीरराव उसळले. "गावात चूल पेटंना झालीया. आभाळच फाटलंय, ठिगळ तरी कुठं कुठं लावायचं?"

तेव्हा हेडक्लार्क चिंतामणराव खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मग हा रोलर विकू. नुसता उभा तर आहे."

मला वाईट वाटले. खोटे कशाला बोलू? पण मी विकलो गेलो तर गावाला पाणी मिळणार होते. रागवायचे तरी कोणावर? ज्ञानू मात्र त्या दिवशी जेवला नाही.

चिंतामणरावांनी लिलावाची तारीख ठरवली. दसऱ्याची सुट्टी तेवढी त्यांनी टाळली आणि आदला दिवस नेमला. खंडेनवमी त्यांच्या ध्यानातच आली नाही!

लिलावाच्या सकाळी अंजनाने नेहमीसारखी माझी पूजा केली. डोळे पुसत पुसत हार घातला. सांगलीहून भंगाराचे व्यापारी लालासाहेब आले, त्यांनी माझे हळदकुंकू पाहिले आणि टोपी काढून हातच जोडले.

"आज पुजलेलं हत्यार मोडीत घ्यायचं? न्हाई जमायचं. माझ्या तराजूलाबी मी हार घालून आलोय."

दुसऱ्या कोणीही बोली लावली नाही. विष्णुपंत कपाळाला हात लावून पायरीवर बसले. आता टँकर बंद होणार, अशी धास्ती सगळ्यांनी घेतली.

तेवढ्यात सभासद अनसूयाबाई पुढे आल्या. म्हणाल्या, "अहो विष्णुपंत, म्हैस विकून दूधवाल्याचे पैसे भागवायचे, हा कुठला हिशेब? एकदा पैसे येतील, पुढच्या महिन्यात काय विकाल? काल मी ओढ्यापलीकडे गेले होते. दुष्काळी कामावर माणसं दगडी रूळ ओढताहेत. तिथल्या ओव्हरसियरला रोलर कुठे मिळत नाहीये. हा भाड्याने द्या की!"

विष्णुपंत ताडकन उठले. ओव्हरसियर तर दुपारीच धावत आला आणि त्याने पहिल्या महिन्याचे भाडे आगाऊ मिळवून दिले. दसऱ्यानंतर टँकर आला.

त्यानंतर मी उन्हातान्हात राबलो. आमच्याच गावची माणसे खडी पसरत आणि ती मी दाबत असे. माझे भाडे दर महिन्याला नगरपालिकेत जाई आणि त्यातून गावात पाणी येई. मार्चात अंदाजपत्रक मांडले, तेव्हा जमाखर्चाचा मेळ बसला आणि पट्टी एका पैशानेही वाढली नाही. इतके समाधान मला आयुष्यात कधी मिळाले नव्हते.

एके दिवशी खडी फोडणारी मनुबाई माझ्या सावलीला भाकरी खायला बसली. माझ्या चाकावर थाप मारून ज्ञानूला म्हणाली, "साऱ्या गावाची पट्टी ह्यानं भरली, आन ह्याला सोताचं घर न्हाई!"

ज्ञानूने हे कचेरीत सांगितले. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, आणि नगरपालिकेने माझ्यासाठी पत्र्याची शेड बांधली. चिंतामणराव नियमाला फार पक्के. त्यांनी डोके खाजवत विचारले, "या शेडला घरपट्टी लावायची का?"

सगळे हसले. हंबीरराव म्हणाले, "लावा की! गावात पट्टी भरायची ऐपत फकस्त त्याचीच हाय!"

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. जुनी वस्तू दारात उभी दिसली, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी तिला थोडे तेल घाला आणि एकदा सुरू करून पाहा.