पानांचं फोल्डर

आईचा फोन आला तेव्हा धाकटी एका पेशंटचा गुडघा वाकवून घेत होती. ती फिजिओथेरपिस्ट होती आणि कामाच्या वेळात घरचा फोन सहसा उचलत नसे. पण सकाळपासून हा तिसरा फोन होता.

"यांचा कॉम्प्युटर फार छळतोय गं," आई म्हणाली. "एक फोल्डर उघडायचं तर पाच-पाच मिनिटं. नुसते बसून राहतात पडद्याकडे बघत. तू येऊन एकदाचं काय ते बघ."

धाकटीला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण थोरला भाऊ विमानाने जायच्या अंतरावर राहत होता, त्यामुळे घरातल्या नळापासून दाढदुखीपर्यंत सगळं तिच्याच गळ्यात पडायचं. शनिवारी ती गेली.

तिच्या वडिलांनी, आप्पांनी, चौतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढली होती. पानं दाबायची, वाळवायची, जाड कागदावर डकवायची आणि खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात नाव, जागा, तारीख लिहायची, हे त्यांचं काम. ते निवृत्त झाले त्याच वर्षी कॉलेजने जुनी कपाटं मोडीत काढली. आप्पांनी रीतसर अर्ज केला आणि नमुन्यांची खोकी घरी आणली. तेव्हापासून ते एकेक पान स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये ठेवत होते. चौतीस वर्षांत एक पान कधी चुकीच्या खोक्यात गेलं नव्हतं, असं त्यांचे साहेब निरोपसमारंभात म्हणाले होते.

धाकटीने 'पानं' नावाच्या फोल्डरवर दोनदा क्लिक केलं. पांढरी खिडकी उघडली, आत काहीच नाही. वरच्या कडेला एक हिरवी पट्टी रांगत पुढे सरकू लागली.

"येईल आता," मागे उभे असलेले आप्पा म्हणाले. "त्याला जरा वेळ लागतो." दम लागलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तसे ते बोलत होते.

तिने कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला फोन लावला. हा डबा त्यानेच जोडून दिला होता.

"घाबरू नका, ताई," तो म्हणाला. "एकेक करून बघू."

आधी मशीन बंद करून चालू केलं. मग प्रत्येक फाइलचं छोटं चित्र दाखवणं बंद करून नुसती नावांची यादी ठेवली. उघडलेल्या फाइलींचा जुना इतिहास पुसला. मग त्याने डावीकडच्या पट्टीत काय काय दिसतंय ते वाचायला सांगितलं. तिथे नोकरीच्या काळात जोडलेला, कॉलेजच्या मोठ्या मशीनकडे जाणारा एक जुना रस्ता अजून तसाच होता.

"ते मशीन भंगारात जाऊन वर्षं झाली असतील," दुरुस्तीवाला हसला. "आणि हा बिचारा अजून रोज जाऊन तिथली कडी वाजवतोय. काढून टाका."

तिने तो रस्ता काढला. बाकीची फोल्डरं पटापट उघडू लागली. धाकटीला हुरूप आला. पण 'पानं' मात्र ढिम्म. हार्डडिस्क तपासली, ती ठणठणीत निघाली. अँटिव्हायरस घटकाभर थांबवून पाहिला. हिरवी पट्टी आपली रांगतच होती.

"काय बिघडलंय?" आप्पांनी विचारलं.

"तेच बघतेय, आप्पा."

थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारलं, "काय बिघडलंय?"

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती वैतागली. "सांगितलं ना, बघतेय म्हणून!" आप्पा बाहेर जाऊन बसले.

"ताई, त्यात फाइली किती आहेत ते बघा," दुरुस्तीवाला म्हणाला. "राइट-क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये आकडा येईल."

आकडा धावू लागला. दहा हजार. चाळीस हजार. एक लाख. धाकटी तोंडात बोट घालून बघत राहिली. तीन लाख बारा हजारांवर तो थांबला.

"अहो, अख्खं जंगल स्कॅन केलंय की काय काकांनी?"

तिने बाहेर हाक मारून विचारलं, "आप्पा, तुमचे नमुने एकूण किती?"

"सहाशे चाळीस," मनातल्या मनात मोजावंही न लागता उत्तर आलं.

तिने यादी खाली ओढली. नेचा-१. त्याखाली पुन्हा नेचा-१, दुसऱ्या दिवशीचा. पुन्हा नेचा-१. उघडून पाहिला तर डाव्या टोकाला मोडलेलं तेच पान, रोज सकाळी नव्याने स्कॅन केलेलं. प्रत्येकासोबत एक टिपण, शब्दशः तेच: 'हा नमुना आज पहिल्यांदा घेतला.' पुढे 'सुरक्षित' नावाचं फोल्डर, त्यात सगळ्याची प्रत. त्याच्या आत आणखी एक 'सुरक्षित'. त्याच्याही आत.

"ताई? लागलंय ना काहीतरी हाताला?"

"मी नंतर करते फोन," ती म्हणाली.

आई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. धाकटी दारात उभी राहिली.

"तुला माहीत होतं?"

आईने पुसलेलं भांडं पुन्हा पुसायला घेतलं. "कोपऱ्यावरच्या दुकानातून येताना दोनदा रस्ता चुकले. एकदा पोस्टमनने आणून सोडलं."

"आणि तू मला फोन करतेस ते कॉम्प्युटर बिघडला म्हणून?"

"तो बिघडलाच होता ना?" आईचा आवाज चढला आणि लगेच बसला. "मला वाटलं, त्याच्यामुळेच होत असेल. तो त्यांना इतका वेळ ताटकळत ठेवतो की माणूस विसरणारच, काय करायला बसलो होतो ते. तो नीट झाला की..."

धाकटीला तिच्यावर रागवायचं होतं. तिने कपाटातून दुसरं फडकं घेतलं आणि आईच्या शेजारी उभी राहून ताटं पुसू लागली.

सोमवारी दुरुस्तीवाला स्वतः आला. त्याने सगळ्या प्रती वेगळ्या डिस्कवर हलवल्या आणि मूळचे सहाशे चाळीस नमुने तेवढे ठेवले. एकही प्रत पुसायची नाही, अशी धाकटीची सक्त ताकीद होती. काम झाल्यावर त्याने आप्पांना खुर्ची दिली. "बसा काका. आता बघा कसा पळतो."

आप्पांनी क्लिक केलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळी पानं समोर हजर झाली.

आप्पा बघत राहिले. माउसवरचा हात तसाच. दुरुस्तीवाला शाबासकीची वाट बघत उभा.

"मी काय शोधत होतो?" आप्पांनी विचारलं.

आजवर या प्रश्नाचं उत्तर द्यायला हाताशी पाच मिनिटं असायची, आणि नाही आठवलं तर दोष द्यायला मशीन असायचं.

आप्पा उठले. "हा माझा नाही," ते शांतपणे म्हणाले. "माझ्याला वेळ लागायचा."

आईने दुरुस्तीवाल्याला दारात गाठलं. "होता तसा करून देता येईल का हो?"

तो चप्पल घालता घालता थांबला. त्याने धाकटीकडे पाहिलं, मग आईकडे. "हळू करता येतो, मावशी. त्यात काही अवघड नाही. पण..." मजुरीचं नावही न काढता तो जिना उतरून गेला.

मेंदूच्या डॉक्टरांनी तीन आठवड्यांनंतरची वेळ दिली. त्याआधी जागा नव्हती. धाकटीने ओळखी काढल्या, विनवण्या केल्या, शेवटी तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवली. आप्पा त्यानंतर कॉम्प्युटरजवळ गेले नाहीत. आईने त्यावर चादर घातली, मग काढली, मग पुन्हा घातली.

पुढच्या शनिवारी दुपारी आप्पा जमिनीवर खोकं उघडून बसले होते. धाकटी त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. त्यांनी दोन्ही हातांनी एक कागद अलगद उचलला. त्या वनस्पतीचं कूळ, ती कुठल्या उतारावर सापडली, त्या दिवशी ऊन किती होतं, कोण घसरून ओढ्यात पडलं, पान उलटं केल्यावर मागे कसले ठिपके दिसतात, सगळं त्यांनी सांगितलं. एक शब्द अडखळला नाही. इतकं नीट की तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल, उगाच घाबरलो.

मग त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आपुलकी होती, पण ओळख नव्हती.

"तू कितव्या वर्षाला?"

धाकटीने दाराकडे पाहिलं. आई तिथे उभी होती. तिने मान खाली घातली.

"दुसऱ्या, सर," धाकटी म्हणाली.

"मग हे तुला अजून शिकवलं नसेल," आप्पा म्हणाले, आणि तोच कागद पुन्हा उचलून त्यांनी सांगायला सुरुवात केली.