दुपारी खात्यात कोण शिरतं?

कोर्टाच्या पोर्टलवर शिरलं की कोपऱ्यात एक बारीक ओळ दिसते, याआधी खातं कधी उघडलं होतं त्याची. ती कुणी म्हणजे कुणी वाचत नाही. वकीलबाईंनी वाचली आणि पुन्हा एकदा वाचली. काल दुपारी! काल दुपारी तर त्या घरी जेवून आडव्या झाल्या होत्या.

त्या खात्यात त्यांच्या एका अशिलाचा, शिंपीणबाईचा नवा पत्ता होता, सीलबंद कागदांत. नवऱ्याच्या मारातून सुटून ती लेकरासकट लपली होती. पत्ता त्याच्या हाती लागला तर संपलंच सगळं.

पण शिरलं कोण? संशयाला काय, तो कुठेही चढतो. आधी समोरच्या बाजूचे वकील आठवले, मग आपलाच कारकून. त्याला बाईंनी असं काही उलटसुलट विचारलं की तो वैतागला. "बाई, मला माझ्या मेलचा पासवर्ड आठवत नाही, तुमचा कुठून आठवणार?" हेही खरंच.

बरं, पासवर्ड चोरला म्हणावं, तर फोनवर येणारा ओटीपीही लागतो. आणि दुपारी फोन कुठे असतो? घरी, बाहेरच्या खोलीत, चार्जिंगला. अगं बाई! काखेत कळसा अन् गावाला वळसा. 'पासवर्ड सख्ख्या भावालाही सांगू नका' असं अशिलांना बजावणाऱ्या या बाईंनी स्वतःचा पासवर्ड मात्र वडिलांना पाठ करायला दिला होता, कारण त्या विसरायच्या. बापावर संशय घ्यायचं कुणाला सुचतं?

त्या दुपारी बाई जेवून आडव्या झाल्या, पण कान टवकारून. थोड्या वेळाने बाहेरून आवाज आला, तोही त्यांचाच. "माझ्या अशिलाचं म्हणणं एवढंच आहे..." खात्यातलं, हद्दीच्या एका जुन्या भांडणातल्या सुनावणीचं रेकॉर्डिंग वाजत होतं. बाबा कॉम्प्युटरला कान लावून बसले होते.

"बाबा! अहो, त्या खात्यात एका बाईचा जीव आहे!"

"पत्ताबित्ता काही बघितला नाही गं मी," बाबा चाचरले. "एवढंच लावतो. लहानपणी तुला सारखं 'गप्प बस' म्हणून दटावलं. वकील झालीस तेव्हाही म्हणालो, तोंड चालवून पोट भरतं का? आता ऐकतो, तर वाटतं, किती छान बोलते गं माझी पोरगी."

बाईंना राग आला होता, तो काही गेला नाही. रडूही आलं. त्यांनी खुर्ची ओढली, घडलं ते सगळं वडिलांच्या नावानिशी कोर्टाला लिहून कळवलं आणि पासवर्ड बदलायला घेतला. न सांगताच बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"उद्या माझी खुली सुनावणी आहे," त्यांच्या पाठीकडे बघत बाई म्हणाल्या. "येता?"

"मला आत सोडतील?"

"कुणालाही सोडतात. पण तिथे गप्प बसावं लागतं, बाबा."

"बसेन की," ते म्हणाले. "आता माझीच पाळी आहे."