हेमांगीचं मंगळसूत्र

आंजर्ल्याजवळच्या आमच्या वाडीला सध्या एकाच बाईची काळजी आहे, आणि ती बाई मेलेली आहे. मेलेली म्हणजे काय, ती कधी जन्मलेलीच नाही. ‘सातव्या माडाखाली’ नावाच्या मालिकेत हेमांगी नावाची सून विहिरीत पडून मरते आणि रोज ऐन जेवणाच्या वेळी भूत होऊन येते. आमच्याकडे तोवर कोणी ताट मागत नाही.

माझा नवरा विनीत या चाहत्यांचा पुढारी. त्याने मोबाइलवर ग्रुप काढलाय आणि मुंबईला नोकरीला गेलेले वाडीतले बाप्येसुद्धा त्यात दिवसभर खल करत असतात. विहिरीत पडताना हेमांगीच्या गळ्यात मंगळसूत्र नव्हतं, मग भूत झाल्यावर ते आलं कुठून? दापोलीला शेतकी शिकणारा माझा दीर ऋत्विक म्हणतो, हेमांगी दोन होत्या, जुळ्या. विनीत म्हणतो, सासूने आधी मंगळसूत्र काढून घेतलं, मग तिला ढकललं, आणि पुढे भीतीपोटी ते विहिरीत टाकलं. शूटिंगच्या दिवशी कोणीतरी ते घालायला विसरलं असेल, असं मी एकदा म्हटलं. तेव्हा मी चपला घालून गाभाऱ्यात शिरल्यासारखं त्याने माझ्याकडे पाहिलं.

हा सगळा खल आमच्या पडवीत चालायचा आणि तिथेच एका बाजूला विनीतची सख्खी बहीण सानिका आमसुलांसाठी रतांबे फोडत बसलेली असायची. ती शिमग्यानंतर अलोऱ्याकडच्या सासरहून एक पिशवी घेऊन आली होती. गळा मोकळा, मानेवर लांबलचक ओरखडा. मी विचारलं तेव्हा तिने मला सगळं सांगितलं आणि मी ते विनीतला सांगायला गेले. तो म्हणाला, नवराबायकोतलं आपण उकरून काढू नये.

मग त्याने आमच्याकडची रीत केली. देवळात जाऊन कौल लावला. देवीच्या अंगाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. सानिकाला परत पाठवायची का, असं विचारलं. उजवी पडली आणि सासरी फोन गेला. रविवारी ते तिला न्यायला येणार होते. खुद्द सानिकाला काय वाटतं, ते विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. हेमांगीच्या मनातलं मात्र या माणसाला बारीकसारीक ठाऊक.

शनिवारी ग्रुपवर भांडण इतकं पेटलं की ग्रुप फुटायची वेळ आली. तेव्हा विनीतला कौल आठवला. देवळातला गंगाराम गुरव कुरकुरला. कौल गावासाठी असतो, घरच्या अडीनडीसाठी असतो, टीव्हीसाठी नसतो, असं म्हणाला. पण वाडीतले सगळे जमलेले बघून त्याने कळ्या भिजवल्या. ऋत्विकने मुंबईकरांसाठी व्हिडिओ कॉल लावला. सासरी जायच्या आधी देवीची ओटी भरायची म्हणून सानिकाही माझ्याबरोबर आली होती.

सासूनेच ढकललं असेल तर उजवी दे, असं विनीतने गाऱ्हाणं घातलं. डावी पडली. कळी नीट चिकटली नव्हती, म्हणून परत लावायला लावली. परत डावी. आता म्हणे वारा होता. दारं लोटून घेतली आणि गंगारामने तिसऱ्यांदा कळी उचलली. एवढ्या मोठ्या माणसांचं ते चाललेलं बघून मला शिसारी आली.

सानिकाने ओटीचं ताट खाली ठेवलं.

“गंगारामकाका, आता माझा लावा. दादाने लावला तेव्हा मी नव्हते.”

विनीत म्हणाला, “तुझा झालाय. देवीला पुन्हा पुन्हा विचारायचं नसतं.”

हेमांगीची तिसरी कळी अजून गंगारामच्या बोटांत होती. कोणाला हसूही आलं नाही.

“दोन महिने तू त्या बाईचं मंगळसूत्र शोधतोयस, दादा,” सानिका म्हणाली. “माझं कुठं गेलं ते नाय विचारलंस. त्याने गळ्यातनं धरून ओढलं, तुटेपर्यंत. तुझा कौल काय पण असू दे, मी परत जात नाय.”

ऋत्विकने फोन खिशात टाकला. विनीत पहिल्यांदाच तिच्या मानेकडे बघत होता. ओरखडा आता पुसट झाला होता, पण बघणाऱ्याला दिसण्यासारखा होता. त्याला तोंड लपवायला जागा नाही, हे बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रविवारी सासरच्यांची जीप आली. सानिका आतल्या खोलीत कडी लावून बसली होती. मी पाणी द्यायलासुद्धा बाहेर गेले नाही. विनीत अंगणात जाऊन उभा राहिला. नवरा हात उगारतो म्हणून बहीण येणार नाही, एवढं साधं वाक्य होतं. ते त्याच्या तोंडातून निघेना. शेवटी तो खाली मान घालून म्हणाला, “काल परत कौल लावला. देवी नको म्हणते.” काल लावला होता तो हेमांगीचा.

ती माणसं निमूट जीपमध्ये बसली. देवीपुढे त्यांचं काही चालत नव्हतं. सानिकाचं म्हणणं म्हणून सांगितलं असतं, तर त्यांनी तिला ओढत नेलं असतं.