अंधाराची पाहणी

अमेरिकेतल्या कॅन्ससच्या सपाट मुलखात एलरॉय उन्रू काऊंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मंडळावर निवडून आला, तो एकाच वचनावर: विमानांना इशारा देणारे पवनचक्क्यांचे लाल दिवे विझवीन. शंभरेक चक्क्या रात्रभर एकदम लुकलुकायच्या. त्याची बायको वेल्डा हिने जाड पडदे लावून पाहिले, उशी तोंडावर घेऊन पाहिली, तरी डोळ्याला डोळा लागत नसे. शेवटी मंडळाने नियम केला. रडारला जवळपास विमान दिसलं तरच दिवे लागतील, एरवी अंधार. पवनचक्क्यांच्या कंपनीने निमूटपणे तसं यंत्र बसवलं.

पण एलरॉयचा कंपनीवर काडीचाही विश्वास नव्हता. अंधार पडला की स्वारी आपलं छोटं विमान काढून पाहणीला निघे. आणि रोज बघावं तर एकूण एक दिवे चालू! तणतणत घरी येऊन तो म्हणे, "बघितलंस? चोर आहेत लेकाचे!" मग थोडा डोळा लागलेल्या वेल्डाच्या उशाशी बूट चढवून पुन्हा अचानक पाहणीला जाई.

बैठकीत त्याने कंपनीला दंड करायचा ठराव मांडला. कंपनीचा माणूस खाकरला.

"साहेब, विमान आलं की दिवे लागतात. तुम्ही विमानातून येता."

"मी विमान म्हणून येत नाही! मंडळाचा सदस्य म्हणून येतो!"

बाकीच्या दोघा सदस्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या. अशी माणसं आपणच निवडून देतो, मग बोलणार कोणाला?

बैठकीत नागरिकांना बोलायला मिळणाऱ्या तीन मिनिटांत वेल्डा उठली. "सदस्य महाशय," ती नवऱ्याला म्हणाली, "कंपनीने माझी झोप घालवली, तिला निदान वीज तरी विकायची होती. तुला काय विकायचंय? विमानाची किल्ली माझ्याकडे आहे. आज घरी बसायचं!"

सभागृह खो खो हसलं. दंडाचा विषय पुढच्या बैठकीवर गेला.

त्या रात्री दोघं व्हरांड्यात बसली. एकही दिवा लागला नाही. एलरॉयची छाती फुगली.

"ठरावाच्या नुसत्या धाकाने सुतासारखे सरळ झाले बघ!"

वेल्डा खुर्चीतच गाढ झोपली होती, तोंड उघडं टाकून, कितीतरी वर्षांनी.

एलरॉयने तिला खांद्याला धरून गदागदा हलवलं.

"अगं, झोपतेस काय? ऊठ, बघ तरी किती अंधार केलाय तुझ्यासाठी!"